एका डिस्कवर दोन चुली

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या कार्यप्रणालीला पुरवली जाणारी नियमित सुरक्षा-अद्यतने थांबवली, आणि २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आलेल्या या प्रणालीची दहा वर्षांची कारकीर्द कागदोपत्री संपली. कार्यप्रणाली, म्हणजे रोजच्या बोलण्यातली ऑपरेटिंग सिस्टीम, हा संगणकातील मूळ प्रोग्रॅम. प्रोसेसर, रॅम, डिस्क, कळफलक, प्रिंटर या सर्वांचा कारभार तोच पाहतो आणि इतर प्रोग्रॅमांना त्यांचा त्यांचा वाटा नेमून देतो. त्याचा आधार संपल्याने संगणक बंद पडत नाही, पण त्यात नव्याने सापडणारी प्रत्येक फट यापुढे उघडीच राहते. वैयक्तिक ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव मुदतीची सोय कंपनीने ठेवली खरी; मात्र ही सोय म्हणजे निर्णय एक वर्ष पुढे ढकलण्याची सवलत होती.

विंडोज ११ कडे जाण्याचा सरळ मार्ग जुन्या यंत्रांना बंद आहे. या प्रणालीला टीपीएम २.० हवे, म्हणजे सांकेतिक किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा-चिप हवी, आणि इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो, मोजके अपवाद सोडता, आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. २०१२-१३ च्या सुमारास मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे भाग घेऊन जुळवलेला, म्हणजेच 'असेंबल्ड', संगणक या अटींत बसत नाही. एच ६१ चिपसेटचा मदरबोर्ड, तिसऱ्या पिढीचा कोअर आय-३ प्रोसेसर, ४ जीबी डीडीआर-३ रॅम आणि ५०० जीबीची फिरत्या तबकडीची हार्डडिस्क असा त्याचा ठरावीक संसार असतो. तो विंडोज ७ घेऊन घरात आला, मोफत बढतीच्या काळात विंडोज १० वर गेला आणि आता तेथेच थांबला आहे. त्याचा एकही भाग झिजलेला नाही. संपली आहे ती त्याच्यासाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांची जबाबदारी.

अशा यंत्रावर जुनी विंडोज जागेवर ठेवून तिच्या शेजारी लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली बसवायची, आणि संगणक सुरू करताना दोहोंपैकी एकीची निवड करायची, या व्यवस्थेला 'ड्युअल बूट' म्हणतात. तिचे स्वरूप मराठी वाचकाला वाटणीच्या भाषेत सर्वांत लवकर उमजेल. भावांच्या चुली वेगळ्या होतात, खोल्या वाटल्या जातात, परंतु उंबरा, विहीर आणि मागची पायवाट सामाईक राहते; पुढे तंटे होतात ते बहुतेक या सामाईक गोष्टींवरूनच. दोन कार्यप्रणालींच्या सहवासातील जवळजवळ प्रत्येक अडचणीचा माग काढत गेल्यास तो अशाच एखाद्या सामाईक जागेपाशी पोहोचतो, आणि त्या जागा आधीच ओळखून ठेवल्या तर ही वाटणी वर्षानुवर्षे विनातक्रार चालते.

जुनी चूल का मोडायची नाही

लिनक्स मोफत आहे, सुरक्षित आहे आणि जुन्या यंत्रावर हलकी चालते, तर विंडोज पुसूनच का टाकू नये, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे एक उत्तर उपकरणांत आहे: ज्यांचे ड्रायव्हर, म्हणजे कार्यप्रणाली आणि उपकरण यांच्यातील दुभाषे प्रोग्रॅम, केवळ विंडोजसाठी लिहिले गेले असे जुने स्कॅनर आणि प्रिंटर अजून अनेक घरांत आहेत. दुसरे उत्तर हिशेबांच्या आणि कार्यालयीन कामांच्या विंडोजपुरत्या प्रोग्रॅमांत आहे. महाराष्ट्रातील घरांपुरते आणि छोट्या मुद्रणालयांपुरते तिसरे उत्तर मात्र अधिक वजनदार आहे, कारण ते मराठी मजकुराच्या साठवणीशी संबंधित आहे.

युनिकोड, म्हणजे जगातील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक चिन्हाला एक कायमचा क्रमांक देणारे प्रमाण, मराठी कळफलकांवर रुळण्याआधीची दोन दशके येथील अक्षरजुळणी वेगळ्याच युक्तीवर चालत होती. रोमन अक्षरांसाठी राखलेल्या क्रमांकांच्या जागी देवनागरी अक्षरांची आणि अक्षरखंडांची चित्रे बसवलेले फॉन्ट वापरले जात. त्यामुळे पडद्यावर मराठी दिसे, पण संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमनच असे. हिंदी-मराठी टंकलेखकांत प्रचलित असलेल्या कृतिदेव या फॉन्टमध्ये 'भारत' हा शब्द एच, के, के, जे, आर अशा पाच रोमन अक्षरांनी साठवला जातो. त्यातील मोठा एच हा 'भ'चा दंड नसलेला भाग दाखवतो, पहिला के त्याला दंड देतो, दुसरा के काना होतो, जे म्हणजे 'र' आणि आर म्हणजे 'त'. फॉन्ट काढून घेतला की शब्द नाहीसा होऊन ही पाच अक्षरे उघडी पडतात. युनिकोडमध्ये हाच शब्द भ, काना, र, त अशा चार क्रमांकांनी लिहिला जातो आणि कोणत्याही फॉन्टमध्ये तो 'भारत'च राहतो.

या जुन्या पद्धतीने जुळवलेल्या पुस्तकांच्या, लग्नपत्रिकांच्या, स्मरणिकांच्या आणि दिवाळी अंकांच्या फाइली बहुधा पेजमेकर या पृष्ठमांडणीच्या प्रोग्रॅममध्ये आहेत, ज्याची ७.० ही शेवटची आवृत्ती २००१ साली निघाली. शिवाय मराठी अक्षरजुळणीच्या काही पॅकेजांना 'डोंगल' लागे. हा परवान्याचा पुरावा म्हणून संगणकाच्या मागे खोचायचा छोटा तुकडा, आणि त्याचा ड्रायव्हर जुन्या विंडोजपुरताच असे. फॉन्टची फाइल लिनक्सवर नेता येते, परंतु पेजमेकर, डोंगल आणि त्यांचा ड्रायव्हर ही साखळी सहसा नेता येत नाही. ज्या घरातील डी ड्राइव्हवर पंधरा वर्षांचे असे काम पडलेले आहे, त्या घरासाठी जुनी विंडोज म्हणजे दप्तरखान्याची एकमेव किल्ली आहे. किल्ली फेकायची नाही, पण तीच घेऊन बाजारातही फिरायचे नाही, या दुहेरी गरजेतून दोन चुलींचा विचार पुढे येतो. इंटरनेट, बँकेचे व्यवहार आणि पत्रव्यवहार अद्ययावत लिनक्सवर करायचे, आणि विंडोज नेटपासून तोडून केवळ जुन्या फाइली व जुनी उपकरणे यांसाठी राखायची, अशी कामांची विभागणी या व्यवस्थेत अभिप्रेत असते.

पाचशे बारा बाइटांचे दप्तर

दोन प्रणाली एका डिस्कवर राहू शकतात याचे श्रेय १९८३ सालच्या एका सोयीला जाते. आयबीएमने त्या वर्षी हार्डडिस्क असलेला पीसी एक्सटी बाजारात आणला, त्याच्याबरोबर डॉस या कार्यप्रणालीची दुसरी आवृत्ती आली, आणि एकाच डिस्कचे स्वतंत्र विभाग पाडून त्यांची नोंद ठेवण्याची पद्धत रूढ झाली. या विभागांना 'पार्टिशन' म्हणतात आणि घरोघरी माहीत असलेले सी, डी, ई हे ड्राइव्ह म्हणजे विंडोजने या विभागांना दिलेली नावे होत.

नोंदीचे हे दप्तर डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये, म्हणजे डिस्कवरील साठवणीच्या पहिल्या घटकात असते आणि त्याला मास्टर बूट रेकॉर्ड हे नाव आहे. त्याचा एकूण आकार ५१२ बाइट. त्यापैकी पहिले ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, पुढचे ६४ बाइट विभागांच्या नोंदीसाठी आणि शेवटचे २ बाइट हे दप्तर खरे आहे अशी खूण पटवण्यासाठी असतात. ४४६ बाइट म्हणजे किती, हे मराठीच्या मापाने पाहता येते: यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, तेव्हा एवढ्या जागेत काना, मात्रा, वेलांट्या धरून १४८ चिन्हे मावतील, म्हणजे पोस्टकार्डावरील दोनतीन ओळी. नोंदीच्या ६४ बाइटांत १६ बाइटांच्या चारच ओळी बसतात. म्हणून या पद्धतीत डिस्कचे मुख्य विभाग चारच पाडता येतात. पाचवा हवा असेल तर चारांपैकी एका विभागाला 'एक्स्टेंडेड', म्हणजे विस्तारित, ठरवून त्याच्या पोटात आणखी विभाग काढावे लागतात.

बटण दाबल्यावर घडते ते असे. मदरबोर्डवरील चिपमध्ये कायमचा बसलेला बायॉस हा प्रोग्रॅम आधी रॅम, कळफलक, डिस्क जागेवर आहेत ना, हे तपासतो. मग डिस्कचा पहिला सेक्टर उचलून रॅममध्ये ३१,७४४ व्या बाइटपासून ठेवतो. शेवटच्या दोन बाइटांतील खूण जुळली की संगणकाचा ताबा त्या ४४६ बाइटांतील प्रोग्रॅमकडे सोपवतो आणि स्वतः बाजूला होतो. येथून पुढे काय चालू होणार, हे त्या एवढ्याशा जागेत कोणी काय लिहून ठेवले आहे यावर अवलंबून असते. विंडोजने लिहिलेला प्रोग्रॅम 'सक्रिय' अशी खूण असलेला विभाग शोधून तेथे जातो. लिनक्सबरोबर येणारा ग्रब हा बूटलोडर, म्हणजे कार्यप्रणालीला हाक मारून उठवणारा प्रोग्रॅम, दोन्ही प्रणालींची यादी पडद्यावर मांडतो आणि काही सेकंद उत्तराची वाट पाहतो. हाच या घराचा सामाईक उंबरा होय.

ग्रबचा सारा प्रोग्रॅम ४४६ बाइटांत मावत नाही. तेथे त्याचा केवळ पहिला तुकडा असतो आणि तो पुढच्या मोठ्या तुकड्याचा पत्ता जाणतो. हा मोठा तुकडा पहिला सेक्टर आणि पहिला विभाग यांच्यामधील मोकळ्या पट्टीत ठेवला जातो. जुन्या काळी ही पट्टी ६२ सेक्टरांची, म्हणजे ३१ केबीची असे. विंडोज व्हिस्टापासून विभाग १ एमबीच्या हद्दीवर सुरू होऊ लागल्याने ती ऐसपैस झाली. अडचण अशी की पट्टी कोणाच्याच नावावर नाही. काही महागड्या व्यावसायिक प्रोग्रॅमांच्या परवाना-यंत्रणेनेही आपल्या खुणा लपवण्यासाठी नेमकी हीच जागा हेरली होती, आणि त्या खुणा ग्रबवर पडल्या की लिनक्स उठत नसे. शेवटी ग्रबच्या कर्त्यांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये अशा अतिक्रमणाच्या ज्ञात खुणा ओळखण्याची आणि बिघडलेले बाइट गणिताने दुरुस्त करण्याची सोय घातली. सातबाऱ्यावर नसलेल्या जमिनीचे जे होते, ते डिस्कवरही झाले.

लिनक्सचा जन्मही सामाईक डिस्कवरचा

या सहवासाचा इतिहास लिनक्सच्या जन्माइतकाच जुना आहे. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने जानेवारी १९९१ मध्ये ३८६ प्रोसेसरचा संगणक घेतला आणि त्यावर अँड्र्यू टॅनेनबॉम या प्राध्यापकाने शिकवण्यासाठी लिहिलेली मिनिक्स ही प्रणाली बसवली. त्याची स्वतःची नवी प्रणाली सुरुवातीला मिनिक्सच्या आधाराने वाढली. तिच्यासाठी प्रोग्रॅम तयार करायचे ते मिनिक्समध्ये, आणि मग यंत्र पुन्हा सुरू करून ते नव्या प्रणालीत तपासायचे, असा क्रम होता. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने या कामाची जाहीर वाच्यता केली. पुढे त्याच वर्षी विद्यापीठाच्या संगणकाशी दूरध्वनीने जोडणी करताना मोडेमला द्यायच्या आज्ञा त्याच्या हातून चुकून डिस्कच्या विभागावर लिहिल्या गेल्या आणि मिनिक्सचा विभाग नष्ट झाला. मिनिक्स पुन्हा बसवण्याऐवजी त्याने लिनक्सवरच राहायचे ठरवले. वाटणीतील एक चूल अपघाताने विझली आणि दुसरी स्वयंपूर्ण झाली.

सर्वसामान्य वापरणाऱ्यांची गरज मात्र दोन्ही चुली पेटत्या ठेवण्याचीच होती, आणि वेर्नर आल्मेस्बर्गरच्या लायलो व एरिक बोलेन याने १९९५ मध्ये सुरू केलेल्या ग्रब या बूटलोडरांनी ती भागवली. ॲपलनेही २००६ मध्ये इंटेल प्रोसेसरच्या मॅक संगणकांवर विंडोज चालवण्यासाठी बूट कॅम्प ही सोय दिली होती. २०२० मध्ये एम-१ चिप आल्यावर नव्या यंत्रांतून ती गेली.

प्रत्यक्ष वाटणी

जुळवलेल्या त्या संगणकाची ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४६५ जीबी दिसते, कारण डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १,०२४ च्या पटीत. या ४६५ पैकी पहिला १०० एमबीचा छोटा विभाग विंडोज ७ ने बसतानाच स्वतःसाठी राखलेला असतो. उरलेल्यातून १२० जीबी विंडोजच्या सी ड्राइव्हला, २४० जीबी दोन्हीकडून वापरायच्या फाइलींना आणि सुमारे १०४ जीबी लिनक्सला, अशी एक समतोल मांडणी करता येते. लिनक्सच्या वाट्यातून ४० जीबी प्रणालीला, ६० जीबी वापरणाऱ्याच्या घरखणाला, म्हणजे 'होम'ला, आणि ४ जीबी 'स्वॅप'ला मिळतात. रॅम अपुरी पडली की डिस्कवर जो मजकूर तात्पुरता उतरवला जातो त्याची जागा म्हणजे स्वॅप. विंडोजचे तीन विभाग मुख्य आणि चौथा विस्तारित, ज्याच्या पोटात लिनक्सचे तिन्ही, अशा रीतीने चार ओळींच्या दप्तरात ही वाटणी नेमकी बसते.

पण विंडोज १० ने बढतीच्या वेळी दुरुस्तीसाठी आणखी एक छोटा विभाग काढलेला असला, तर चारही ओळी आधीच भरलेल्या निघतात. अशा वेळी आणखी विभाग पाडण्याचा आग्रह धरला की विंडोजचे साधन डिस्क 'डायनॅमिक' करण्याचा प्रस्ताव पुढे करते, आणि तो स्वीकारणे ही या कामातील महागडी चूक ठरते, कारण त्या पद्धतीने नोंदवलेली डिस्क लिनक्सच्या बसवणी-प्रोग्रॅमांना सरळपणे वाटता येत नाही. त्याऐवजी डी किंवा ई ड्राइव्हवरील फाइली बाहेर काढून तो विभाग मोडणे आणि त्याच्या जागी विस्तारित विभाग घेणे हा मार्ग लांबचा असला तरी पक्का आहे.

सी ड्राइव्ह आखडण्याचे काम विंडोजच्याच 'डिस्क मॅनेजमेंट'ने केलेले बरे. बऱ्याचदा २०० जीबी मोकळी दिसत असूनही ते साधन निम्मीच जागा सोडायला तयार होते; याचे कारण यंत्र झोपवताना लिहिली जाणारी हायबरनेशनची फाइल, विंडोजच्या स्वॅपची पेज फाइल आणि विभागाची अंतर्गत सूची यांसारखे जागचे न हलणारे भाग मध्येच ठाण मांडून बसलेले असतात. हायबरनेशन आणि पेज फाइल तात्पुरती बंद करून प्रयत्न केला की बहुधा हद्द मागे सरते. या कामादरम्यान वीज गेली तर विभाग अर्धवट हललेल्या स्थितीत राहून आतल्या फाइली जाऊ शकतात. म्हणून भारनियमनाच्या गावात यूपीएसशिवाय, आणि कोणत्याही गावात बॅकअपशिवाय, या कामाला हात घालू नये. बॅकअप त्याच डिस्कच्या दुसऱ्या ड्राइव्हवर घेतल्यास तो बॅकअप ठरत नाही; 'फॉरमॅट मारून' देणाऱ्या दुकानांत गमावलेल्या कौटुंबिक छायाचित्रांपैकी बरीच याच गैरसमजाची बळी असतात.

लिनक्स बसवण्यापूर्वी ती पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते, आणि डिस्कला धक्का न लावता वायफाय, आवाज, प्रिंटर यांची परीक्षा घेता येते; या पद्धतीला 'लाइव्ह' चालवणे म्हणतात. लिनक्सच्या अनेक वितरणांपैकी, म्हणजे मूळ प्रणालीभोवती उपयुक्त प्रोग्रॅम जमवून तयार केलेल्या संचांपैकी, लिनक्स मिंटची २२ ही मालिका एप्रिल २०२९ पर्यंत आधार मिळणारी आहे आणि तिला किमान २ जीबी, सुखाने चालण्यासाठी ४ जीबी रॅम पुरते. ती ६४ बिटी प्रोसेसरसाठीच आहे. ३२ बिटी यंत्रांचे दार मात्र वेगाने बंद होत आहे: डेबियनच्या २०२५ मधील १३ व्या आवृत्तीपासून त्या यंत्रांसाठी बसवणी-प्रोग्रॅमच निघत नाही. तरीही ४ जीबी रॅम असलेल्या यंत्राचा श्वास आज कार्यप्रणालीमुळे कमी आणि ब्राउझरमुळे अधिक कोंडतो, हे लक्षात ठेवले पाहिजे. आणखी ४ जीबीची जुनी डीडीआर-३ पट्टी तेथे मोठा फरक करते.

त्याहून मोठा फरक एसएसडीने, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर साठवणाऱ्या डिस्कने, पडतो. मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेणाऱ्या तबकडीला हवा तो भाग शीर्षाखाली येण्यासाठी सरासरी ४ मिलिसेकंद थांबावे लागते, आणि शीर्ष सरकण्याचा वेळ धरला तर ही डिस्क विखुरलेल्या जागांवरून सेकंदाला शंभराच्याही आत वाचने करते. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्याने हीच वाचने हजारोंनी होतात. एच ६१ चिपसेट साटा या डिस्क-जोडणीच्या दुसऱ्या पिढीच्या गतीवर अडकलेला असला तरी हा लाभ त्याला मिळतो, कारण येथे प्रश्न नळाच्या रुंदीचा नसून शोधाशोधीचा आहे. नवी एसएसडी घेतली तर वाटणीची सर्वांत स्वच्छ तऱ्हाही हाती लागते: जुनी डिस्क विंडोजसकट तशीच राहू द्यायची आणि लिनक्स संपूर्णपणे नव्या डिस्कवर बसवायची.

एकाच डिस्कवर दोन्ही असतील तर क्रम पाळावा लागतो: आधी विंडोज, मग लिनक्स. विंडोजचा बसवणी-प्रोग्रॅम पहिल्या सेक्टरमधील ४४६ बाइट कोणाला न विचारता पुन्हा लिहितो, तर लिनक्सचा प्रोग्रॅम आधीची प्रणाली शोधून तिचे नाव यादीत घालतो. क्रम उलटला तरी लिनक्सच्या फाइली जात नाहीत. उंबऱ्यावरची पाटी तेवढी पुसली जाते, आणि पेनड्राइव्हवरून ग्रब पुन्हा लिहिला की ती परत लागते.

साडेपाच तासांचे कोडे

बसवणी नीट पार पडल्यावर पहिली तक्रार बहुधा घड्याळाची असते, आणि भारतात ती नेहमी साडेपाच तासांचीच असते. संगणक बंद असतानाही मदरबोर्डवरील नाण्याएवढ्या बॅटरीवर एक घड्याळ चालू असते. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीपासून चालत आलेल्या या चिपमध्ये तास, मिनिटे आणि तारीख यांना जागा आहे, पण ती वेळ कोणत्या देशाची, हे नोंदवायला जागा नाही. विंडोज डॉसच्या परंपरेने तेथे स्थानिक वेळ ठेवते. लिनक्स युनिक्सच्या परंपरेने ती जागतिक प्रमाणवेळ मानते आणि पडद्यावर दाखवताना आपल्याकडचे ५ तास ३० मिनिटे मिळवते.

विंडोजमध्ये सकाळचे १० वाजले असता यंत्र बंद करून लिनक्स उघडली, तर ती १० ही जागतिक वेळ समजून दुपारचे साडेतीन दाखवते. नेट जोडले गेले की ती इंटरनेटवरून खरी वेळ घेऊन स्वतःला सुधारते आणि चिपमध्ये तिच्या हिशेबाने बरोबर असलेले ४:३० लिहून ठेवते. नंतर विंडोज उघडावी तर तेथे पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. दोघांपैकी कोणीही चुकत नाही; एकाच भिंतीवरील घड्याळ दोघे दोन पद्धतींनी वाचतात, एवढेच. मुंबईकरांच्या आधीच्या पिढ्यांना हा प्रकार नवा वाटला नसता, कारण १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ लागू झाल्यावरही ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे असलेली 'बॉम्बे टाइम' त्या शहरात १९५५ पर्यंत टिकून होती आणि दोन वेळांत ३९ मिनिटांचे अंतर होते.

उपाय एका आज्ञेचा आहे: लिनक्सला चिपमधील वेळ स्थानिक मानायला सांगायचे. युरोप-अमेरिकेत याविरुद्ध एक रास्त आक्षेप घेतला जातो, कारण तेथे उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात घड्याळे पुढे-मागे केली जातात आणि दोन्ही प्रणाली तो बदल आपापला करून बसतात. भारतात घड्याळ वर्षभर एकच असल्याने हा आक्षेप येथे लागू पडत नाही.

झोपेचे सोंग

दुसरी सामाईक जागा म्हणजे दोघांच्या वापरातील फाइलींचा विभाग. हा विभाग एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीने आखला जातो, कारण लिनक्सला ती पद्धत वाचता-लिहिता येते, तर विंडोजला लिनक्सची एक्स्ट-४ ही पद्धत स्वतःहून वाचता येत नाही. ही विहीर गोठते ती विंडोज ८ पासून आलेल्या 'फास्ट स्टार्टअप'मुळे. यंत्र लवकर सुरू व्हावे म्हणून विंडोज 'शट डाउन' केल्यावर पूर्ण बंद होत नाही. प्रणालीच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून ती झोपी जाते आणि विभागाचे दप्तर अर्धे उघडे राहते. मग लिनक्स त्या विभागात लिहायला नकार देते किंवा तो केवळ वाचण्यापुरता उघडते, आणि हे तिचे शहाणपणच असते, कारण झोपेतून उठलेली विंडोज आपल्या आठवणीतील जुन्या स्थितीवरून लिहू लागली तर दोघांचेही लेखन बिघडेल. गंमत अशी की 'शट डाउन'ने पूर्ण बंद न होणारी विंडोज 'रीस्टार्ट'ने मात्र पूर्ण बंद होते. फास्ट स्टार्टअपची खूण नियंत्रण-फलकातून कायमची काढून टाकणे हाच येथे इलाज.

२०१२ नंतरच्या अनेक यंत्रांत बायॉसची जागा यूईएफआय या नव्या पद्धतीने घेतली आहे, आणि तिच्यासोबत जीपीटी ही १२८ विभागांची सोय असलेली नोंदवही आली आहे. तेथे ४४६ बाइटांची ओढाताण नाही. एका छोट्या राखीव विभागात प्रत्येक प्रणालीचा बूटलोडर आपापल्या फोल्डरमध्ये राहतो. तरी सामाईकपणा संपत नाही, तो वरच्या मजल्यावर जातो. सिक्युअर बूट या सोयीत मान्य सही असलेलाच बूटलोडर चालू दिला जातो, आणि लिनक्सच्या प्रमुख वितरणांचा 'शिम' हा पहिला तुकडा मायक्रोसॉफ्टच्याच सहीने चालतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अद्यतनाने जुन्या, सदोष शिमची मान्यता रद्द केली. ड्युअल बूटची यंत्रे ओळखून त्यांना वगळण्याचा बेत होता. पण कित्येक यंत्रे ओळखलीच गेली नाहीत आणि त्यांवरील लिनक्स 'सुरक्षा-धोरणाचा भंग' असा संदेश देऊन थांबली. एका भावाने कुलूप बदलले आणि दुसऱ्याची किल्ली निरुपयोगी झाली.

दुसरे मार्ग

चालू प्रणालीच्या पोटात दुसरी प्रणाली खिडकीसारखी उघडणारे आभासी यंत्र, लिनक्सवरच विंडोजचे प्रोग्रॅम चालवू पाहणारा १९९३ पासूनचा वाइन प्रकल्प, किंवा केवळ पेनड्राइव्हवरची लिनक्स, असे पर्याय आहेत. आभासी यंत्रात दोघींना एकाच वेळी रॅम वाटून द्यावी लागते, आणि ४ जीबीच्या यंत्रात ती वाटली की दोघीही उपाशी राहतात. ड्युअल बूटमध्ये जी जागी असेल तिला सगळे यंत्र मिळते. जुन्या संगणकासाठी हाच त्याचा निर्णायक गुण होय. त्याची किंमत म्हणजे दर वेळी काम थांबवून यंत्र पुन्हा सुरू करणे, आणि ही किंमत विंडोज महिन्यातून दोनदा लागणाऱ्याला जाणवत नाही, दिवसातून दहादा लागणाऱ्याला असह्य होते.

मराठीत लिहिणाऱ्यासाठी एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे आणि ती बोटांत आहे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली प्रमाणित केलेला इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्येही आहे आणि लिनक्समध्येही. विंडोजच्या आधीच्या आवृत्त्यांत देवनागरी 'मंगल' फॉन्टने दिसे, ज्याची अक्षरे मुंबईचे अक्षरकार र. कृ. जोशी यांनी रेखाटली, तर लिनक्सवर 'लोहित'सारखे खुले फॉन्ट असतात. चेहरा बदलतो, मजकूर बदलत नाही. म्हणून विंडोजची चूल पेटती ठेवण्याचे खरे काम पेजमेकरमधील एकेक जुनी फाइल उघडणे, तिचा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणे, रूपांतरात हमखास बिघडणारे रफार आणि जोडाक्षरे डोळ्यांनी तपासणे आणि ती सामाईक विभागात ठेवून लिनक्समधून उघडते का ते पाहणे, हे आहे. हे काम संथ आहे आणि ते पुढे ढकलणाऱ्या घरात एक दिवस तबकडी, डोंगल किंवा फॉन्ट यांपैकी काहीतरी आधी संपते. ते पुरे करणाऱ्या घरात मात्र एखाद्या दिवशी शेवटच्या फाइलीतील एच, के, के, जे, आर या पाच अक्षरांचे 'भारत' होईल, आणि त्यानंतर चार ओळींच्या त्या दप्तरातील विंडोजच्या नावावरची ओळ कोणाचेही काही न अडता कमी करता येईल.